अंगठा आणि करंगळी

१४ नोव्हेंबर २००५, सोमवार

मुरबाडच्या हार्डवेअरवाल्याने जानेवारीत दिलेली ही डायरी दहा महिने शेडमध्ये चहाच्या पेल्यांखाली पडून होती. आज पुसून उघडली. रोज लिहिण्याची शिस्त माझ्यात नाही, पण कोणी वाचणार नाही तेव्हा जे लिहीन ते खरं लिहीन.

आधी दादाचं. महादूदादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. शाळा नववी, पण हाताला अशी नजर की पत्र्याची जाडी चिमटीत धरून सांगायचा. मी शेखर, डिप्लोमावाला, बोलायला पुढे. एमआयडीसीच्या मागच्या रांगेत आमची शेड आहे. एक लेथ, एक ड्रिल, एक पॉवर प्रेस. मोठ्या कारखान्यांना पत्र्याचे सुटे भाग कापून द्यायचे. एप्रिलमध्ये प्रेसखाली दादाच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. तेव्हापासून तो शेडवर आलेला नाही. घरी ओट्यावर बसून सिद्धगडाकडे बघत राहतो.

आता आजचं. शहापूरच्या पुढे जे नवीन इंजिनिअरिंग कॉलेज झालंय तिथले प्रणय सर गिअर कापून न्यायला आले होते. फेब्रुवारीत ते यंत्रांची स्पर्धा घेतायत. खाली कार्पेट, त्यावर दहा प्लास्टिकच्या चकत्या पडलेल्या, तळहाताएवढ्या, तीन मिलिमीटर जाड. यंत्राने त्या उचलून डब्यात टाकायच्या, दहा मिनिटांत. एक गट बाहेरच्या वर्कशॉपवाल्यांसाठी आहे. सर बोलता बोलता म्हणाले, "आम्हाला वर्कशॉप शिकवायला माणूस हवाय, हाताने काम केलेला. पण संस्थेला दाखवायला काहीतरी लागतं हो."

मी दादाबद्दल सांगितलं. शिकवायला दहा बोटं लागत नाहीत. सर म्हणाले, "जिंकून तर या, बघू मग." म्हणजे झालंच की. दादाला कॉलेजात उभा करायचा. त्याला पुन्हा कामाला लावल्याशिवाय मला सुखाने घास जाणार नाही.

१६ नोव्हेंबर

दादा नाही म्हणाला. "यंत्रा बनवायचा वय हाय काय माझा? तू बनव." मी तासभर डोकं खाल्लं. शेवटी तो म्हणाला, "तू जेवलास का?" आणि आत जाऊन वहिनीला ताट वाढायला सांगितलं. ऐकतच नाही माणूस.

२२ नोव्हेंबर

प्रयोग एक: हवा ओढून धरणारी रबरी वाटी. फ्रीजच्या भंगार काँप्रेसरला जोडली. आमच्या पत्र्याच्या तुकड्यावर झकास. मग सरांनी पाठवलेली नमुन्याची चकती बघितली तर तिला चाळणीसारखी भोकं. हवा भोकांतून पळते. नियमात लोहचुंबक नाही, गोंद नाही, टोचणं नाही. कोणी तरी बसून आमच्यासारख्यांना छळायला लिहिलेले नियम आहेत.

प्रयोग दोन: उलथणं. अक्षरशः आईचं भाकरीचं उलथणं. शेडमध्ये गोणपाट पसरून चकतीखाली घालायला गेलो तर चकती पुढे पुढे, उलथणं मागे मागे, भिंत येईपर्यंत वरात. कार्पेटला भिंत नसते. उलथण्याची कड वाकली ती वेगळीच, आईने ती बघितली आणि मला ऐकवलं.

३० नोव्हेंबर

दादाला सरळ धंद्याचा प्रश्न विचारला. प्रेसमध्ये पीस डायला, म्हणजे खालच्या साच्याला, तेलाने चिकटून सपाट बसायचा, तो तू बोटाने कसा काढायचास? नख आधी की बोटाचं पेर आधी? मधलं बोट काय करायचं?

तो उठून गोठ्याकडे गेला. वहिनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, दुसरा कोनी नाय का विचारायला?"

आता दुसरा कोण असणार? मुरबाडात दादासारखा प्रेसवाला दाखवा. बायकांना कामाचं बोलणं कळत नाही. वहिनी अलीकडे माझ्याशी जरा तुटकच वागते.

५ डिसेंबर, सोमवार

दादा शेडवर आला!

काल मी घरी पोचलो तेव्हा आई त्याच्याजवळ बसून काहीतरी सांगत होती. मी आलो तशी गप्प झाली, डोळ्याला पदर लावून चुलीकडे गेली. आज सकाळी मी एम-८० चालू केली तर दादा चपला घालून मागे येऊन बसला. शेडमध्ये प्रेसकडे पाठ करून स्टुलावर बसला आणि म्हणाला, "दाखव काय केलंस ते."

उलथणं बघून हसला. एप्रिलनंतर पहिल्यांदा हसला. मी म्हटलं नव्हतं, त्याला कामाची ओढ लागणारच!

दुपारी डबा उघडल्यावर माझ्या भाकऱ्यांकडे बघत बसला. तिसरी खाईपर्यंत उठू देईना.

११ डिसेंबर

कार्पेटचा प्रश्न होता. गोणपाटावर सराव करून कार्पेटवर जायचं म्हणजे विहिरीत पोहून समुद्रात उडी. आमच्या घरांत कार्पेट कुठून येणार? सारवलेल्या जमिनीवर कोण कार्पेट टाकतो? मग वाळू आठवला. वाळू मंडपवाला, माझ्या वर्गातला. तुळशीची लग्नं झाली, आता त्याला श्वास घ्यायला वेळ नाही, तरी एक हिरवा तुकडा टेम्पोत टाकून घेऊन आला.

"तुज्या लग्नाला अंथरीन म्हनून ठेवलेला," तो म्हणाला, "पन तुजा काय भरवसा नाय. घे आताच."

आपल्याकडे मंडपात अंथरतात तसंच अंथरलं. खाली भाताच्या पेंढ्याचा बोटभर थर, वर कार्पेट, कडेने विटा. वाळूने स्वतः पेंढा पसरून दिला. रुबाबदार दिसतंय. दादा चप्पल काढूनच वर गेला.

१९ डिसेंबर

सापडलं!

सकाळी मी दादाच्या खोलीत गेलो तेव्हा तो अंथरुणात उठून बसला होता. गोधडीवर गोळ्यांची रिकामी पट्टी पडली होती. त्याने उजवा हात पुढे नेला. अंगठ्याने पट्टीची अलीकडची कड दाबली. गोधडी दबली आणि पट्टीची पलीकडची कड आपोआप वर उठली. तिच्याखाली करंगळी घातली आणि उचलली. झालं. एका सेकंदाचं काम.

मी दारात ओरडलोच. "दादा, पुन्हा कर!" तो दचकला, हात गोधडीत घेतला. मी पट्टी हिसकावून पुन्हा टाकली. "कर ना. हळू कर, मला बघू दे." त्याने केलं. मी पाच-सहा वेळा करायला लावलं, डायरीच्या मागच्या पानावर चित्र काढलं, कोन मोजले. जमिनीवर होत नाही, गोधडीवर होतं. मऊपणा आपला वैरी समजत होतो, तोच आपल्या बाजूने आहे. कड दाबा, समोरची कड उठते.

किती साधं! पाच बोटांचा माणूस हे कधीच शोधून काढणार नाही, कारण त्याला गरजच नाही. दादाला मी हे असंच बोलून दाखवलं, कौतुकानेच. तो म्हणाला, "बरं."

वहिनी चहा घेऊन आली होती. चहा ठेवून गेली नाही, तशीच परत घेऊन गेली. असो. आजचा दिवस माझा आहे.

२८ डिसेंबर

काम धडाक्यात. भंगारातल्या जीपच्या वायपरच्या दोन मोटरी, बारा व्होल्टची बॅटरी, दादाच्या पोरांच्या जुन्या सायकलची चाकं. पुढे दोनच अवयव. अंगठा म्हणजे रबर लावलेला लोखंडी गट्टू, कड दाबायला. करंगळी म्हणजे हॅक्सॉचं पातं तापवून वाकवून घासलेलं, खाली शिरायला. लोडशेडिंगमुळे दिवसातून सहा तास वीज नाही, पण कानस चालवायला वीज लागत नाही. पातं दादानेच घासलं, डाव्या हाताने. कानस तिरकी जायची, तो पुन्हा धरायचा. मी सांगितलं की उजव्यात धर, अंगठा आहे ना. त्याने ऐकलं नाही.

माझी पँट ढिली झालीय, दोरीने बांधतो. आई उगाच डोळे पुसते. कामात माणूस वाळतोच.

६ जानेवारी २००६

वर्ष बदललं, डायरी तीच. तारखा खोडून लिहितोय.

यंत्राने दहापैकी तीन चकत्या उचलल्या. गट्टू खाली यायला उशीर होतो, पातं आधीच शिरतं आणि चकती लोटतं. जुळवतोय.

मी तारेच्या टोकाला चालवण्यासाठी एक बटण लावलं होतं. दादाने ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "दोन लाव."

"एकात भागतंय की."

"दोन लाव. दोनी दाबल्याबिगर चालाया नको. चालवनाऱ्याचे दोनी हात गुंतलेले बरे."

इथे कोणाची बोटं जायची भीती आहे? प्लास्टिकच्या चकत्या उचलायचं खेळणं ते. तो हे काय सुचून म्हणाला मला कळलं नाही. पण दुपारभर माझं लक्ष लागलं नाही. दोन बटणं लावली.

८ जानेवारी, रविवार

खरं लिहीन असं पहिल्या पानावर लिहिलंय. मग लिहितो.

आमच्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही एकदम दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे हात डायखाली राहूच शकत नाही. पण त्यामुळे काम हळू होतं. एका हाताने पीस काढता आला तर दुप्पट माल निघतो. सगळ्या रांगेत सगळे एकच करतात: उजव्या बटणात आगपेटीची काडी खोचून ते दाबलेलं ठेवायचं. दादा करू द्यायचा नाही. त्या दिवशी माल संध्याकाळच्या गाडीत चढवायचा होता, दादा पाणी प्यायला बाहेर गेला होता, आणि काडी मी खोचली. त्याला सांगायचं राहून गेलं. सांगायचं टाळलं असंही असेल. तो येऊन बसला, पीस चिकटला, तो काढायला उजवा हात आत गेला आणि सवयीने डावा बटणावर.

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. दादाला ठाऊक नाही. मशीनने दोनदा ठोका मारला असं सगळे समजतात, मीच तसं सांगितलं.

तो कॉलेजात लागला की सांगेन. त्याचं मन ताळ्यावर असताना. हात गेला म्हणून सर झालो असं तो म्हणू शकेल तेव्हा ऐकणं सोपं जाईल. कोणाला सोपं जाईल, ते आता लिहीत नाही.

१५ जानेवारी

काल म्हसा गावच्या जत्रेत सगळे गेलो. दादाने घोंगडी घेतली आणि एवढ्या उन्हात उजव्या खांद्यावरून हातावर सोडून फिरला. ओळखीचे भेटले की लांबूनच मान हलवायचा. मी एकदोघांना स्पर्धेचं सांगितलं, दादा मास्तर होणार म्हणून सांगितलं. तो बैलांकडे निघून गेला.

प्रणय सरांना फोन केला. जागेचं विचारलं. "हो हो, बघू, तुम्ही या तर खरं." मागे कोणीतरी हसत होतं, नीट ऐकू आलं नाही.

३ फेब्रुवारी

दहापैकी दहा. सात मिनिटं चाळीस सेकंद. गट्टू येतो, कड दाबतो, समोरची कड उठते, पातं खाली जातं, चकती वर. दहा वेळा. शेवटची डब्यात पडली तेव्हा मी वाळूला मिठी मारली. वाळू म्हणाला, "माजा कार्पेट लकी हाय, बक्षिसात भाड्याचा वाटा द्यायचा."

दादा उभा राहून बघत होता. मग आपल्या हाताकडे बघितलं, मग यंत्राकडे. "सेम चालतंय," एवढंच म्हणाला. आनंद झाला की तो कमी बोलतो.

१७ फेब्रुवारी

उद्या. पेटीत यंत्र बांधलं. दादासाठी पांढरा शर्ट इस्त्री करून आणला. जिंकल्यावर परतताना किन्हवलीला चहाला थांबू आणि तिथे त्याला काडीचं सांगेन. ठरलं. वाक्यसुद्धा तयार केलंय.

१९ फेब्रुवारी, रविवार

काल लिहिता आलं नाही. आज जमेल तसं लिहितो.

कॉलेजचा हॉल मोठा, तीनचारशे पोरं. प्रत्येक संघाने आधी माईकवर दोन मिनिटं बोलायचं होतं. दादा म्हणाला, नाव सांग आणि खाली ये. पण माईक हातात आल्यावर मला आवरलं नाही. मी सांगितलं की हे यंत्र नाही, हा माझ्या भावाचा हात आहे. प्रेसखाली तीन बोटं गेली, तरी या माणसाने हार मानली नाही, उरलेल्या दोन बोटांनी जे शिकला तेच आम्ही लोखंडात केलंय. मग म्हणालो, "दादा, वर ये. हात दाखव सगळ्यांना."

दादा पायऱ्या चढून आला. माझ्याकडे बघितलं. मग हातावर ओढलेली शर्टाची बाही मागे करून हात वर धरला. सगळा हॉल उभा राहिला, टाळ्या थांबेनात, पुढच्या रांगेतल्या एकाने फोटो काढले. माझा ऊर भरून आला होता. मला वाटलं, फिटलं. हे लिहायची लाज वाटते, पण मला खरंच तसं वाटलं.

मग यंत्र खाली ठेवलं.

त्यांचं कार्पेट पातळ. प्लायवर गोंदाने घट्ट चिकटवलेलं, खाली काहीच नाही. मी हाताने दाबून बघितलं तेव्हाच कळलं, पण वेळ सुरू झाली होती. गट्टू खाली आला, कड दाबली. समोरची कड जागची हलली नाही. पातं येऊन चकतीला आपटलं. चकती सरकली. पुन्हा. पुन्हा.

प्रणय सर वाकून म्हणाले, "तुमच्याकडे कार्पेटखाली काय होतं?"

"पेंढा," मी म्हणालो. "भाताचा."

"पेंढा कशाला?"

कशाला म्हणजे? पेंढ्याशिवाय कार्पेट अंथरलेलं आमच्याकडे कोणी बघितलंय? जमीन उंचसखल असते, पाहुण्यांच्या पायाला खडे टोचतात. मागच्या पोरांनी ऐकलं आणि हसली. वाईट हेतूने नसतील हसली. मलाही एरवी हसू आलं असतं.

दादाच्या हातात दोन बटणं होती. मी म्हणालो, "दादा, सोड. राहू दे." तो म्हणाला, "टाइम सपू दे." त्याने दहाही चकत्यांवर यंत्र नेलं, एकेक करून, प्रत्येकीवर पाच-सहा वेळा. टाळ्या वाजवणारी सगळी पोरं गप्प बसून बघत होती, काही उठून गेली. दहा मिनिटं म्हणजे किती असतात ते मला काल समजलं. शिट्टी वाजली तेव्हा डबा रिकामा होता. दादाने बटणं नीट गुंडाळून पेटीत ठेवली, बाही खाली घेतली आणि परीक्षकांना नमस्कार केला.

वाळूच्या टेम्पोत पुढे जागा असून तो मागे पेटीशेजारी बसला. किन्हवलीला थांबलो नाही.

२४ फेब्रुवारी

प्रणय सरांना भेटायला कॉलेजवर गेलो. म्हटलं स्पर्धा गेली, पण माणूस तर बघितलात. सर चांगले आहेत, खुर्ची दिली. म्हणाले, ती जागा डिसेंबरमध्येच भरली, संस्थेच्या ओळखीतले कोणी आहेत. "मला वाटलं तुम्हाला यंत्राची आवड आहे म्हणून करताय."

घरी सांगितलं नाही. सांगावं लागलंही नाही, कोणी विचारलंच नाही. तेव्हा लक्षात आलं, घरात त्या नोकरीवर विश्वास फक्त माझा होता.

१ मार्च, बुधवार

आज सांगितलं.

दादा खाचरात राबासाठी, भाताच्या रोपांची जागा भाजायला, पाला पसरत होता. शेणाची पाटी डाव्या हाताने ओढायची, अंगठ्याने पाला सारखा करायचा. मी बांधावर उभा राहिलो. तयार केलेलं वाक्य आठवेना. म्हणालो, "दादा, त्या दिवशी बटणात काडी मी खोचली होती."

तो पाला पसरतच राहिला. "ठाव हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. खाली पडलो तवा डोळे उगडेच व्हते माझे." मग त्याने पाटी खाली ठेवली. "तू पयली काडी काढलीस, शेखर. खिशात घातलीस. मंग माझ्याकडं आलास."

८ जानेवारीच्या पानावर हे नाही. मी आता मागे जाऊन बघितलं, नाही. मी हे तेव्हा लपवलं असंही नाही, मला ते दिसतच नव्हतं. आता दिसतंय. तो खाली पडलेला, डायवर रक्त, आणि मी बटणाकडे वळलेला. दोन सेकंद असतील, तीन असतील.

"मग बोलला का नाहीस?"

"बोलून बोटं येनार व्हती काय? तू गेला असतास हातचा. तसाही चाललाच व्हतास. आई रडाया लागली, शेखर जेवत नाय, त्याच्या मनासारखा कायतरी करू दे, तू जा त्याच्यासंगं. म्हनून आलो शेडवर."

"आणि स्पर्धेत? हात का दाखवलास?"

"तू बोलावलंस. एवढ्या लोकांत नाय कसा बोलू तुला?"

मी बांधावर बसून रडलो. तो जवळ आला नाही. थोड्या वेळाने पाटी उचलून पुढच्या वाफ्यात गेला.

१३ मार्च, सोमवार

दादाने काम धरलंय. टोकावड्याच्या पुढे कोणा मुंबईवाल्याचं फार्महाऊस आहे, तिथे रखवालदार. राहायला खोली आहे, पावसाआधी वहिनीला आणि पोरांनाही नेणार. मला काल रात्रीच्या जेवणाला कळलं, बाकीच्यांना आठवड्यापासून ठाऊक होतं.

सकाळी त्याला मुरबाडच्या स्टँडवर सोडायला गेलो. पिशवी त्याने मला उचलू दिली नाही. शेडचं काय करू विचारलं. म्हणाला, तुला जमंल तसं कर. मी म्हणालो, तुझ्याशिवाय मला प्रेसजवळ उभं राहवत नाही, परवा पत्रा लावून बटणांवर हात ठेवले आणि तसाच परत आलो. म्हणालो, तुझी बायको-पोरं इथे, आई इथे, दर रविवारी मी एम-८० घेऊन तिकडे येत जाईन, काय हवं नको बघेन.

"सुट्टीला मी येन," तो म्हणाला. "तू नको येऊस."

"राग आहे ना माझा? घाल शिव्या. दोन थोबाडीत मार. पण असं नको करूस."

"राग नाय रे. राग कवाच गेला. माफ केला म्हनतात तसा केलाय मी तुला, देवाच्यान." तो गाडीच्या पाटीकडे बघत बोलत होता, माझ्याकडे नाही. "पन तू समोर आलास का नसलेली बोटं दुखतात. तिनी. आई आली, कमळू आली, नाय दुखत. तुजा आवाज ओट्यावर आला तरी चालू व्हतात. दहा महिने मी कोनाला बोललो नाय. आता नाय सोसत."

कमळू म्हणजे वहिनी. तिला तो आमच्यासमोर कधी नावाने म्हणत नाही.

टोकावड्याची गाडी लागली. तो डाव्या हाताने दांडा धरून चढला आणि स्टँडच्या बाजूच्या खिडकीत बसला. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा मी रसवंतीच्या खोपट्यामागे जाऊन उभा राहिलो, त्याला दिसणार नाही असा.